वाढवा आता

अकोल्याला आमचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. खाली दुकान आणि वर आम्ही. त्यामुळे गुरांच्या खाद्याचा तो तेलकट, उबट वास आमच्या पांघरुणांना, माझ्या दप्तराला आणि मला वाटतं बाबांच्या स्वभावालाही लागलेला होता. शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलीने एकदा सरळच विचारलं होतं, "काय वो, तुमच्या घरी म्हशी हायेत काय?" म्हशी नव्हत्या, पण तसं सांगून तिचा विश्वास बसला नाही. सकाळी दुकानाच्या फळ्या निघाल्या की पोती ओढल्याचा आवाज जिन्यातून वर यायचा, मग हमालांचं खोकणं, मग ढेप फोडायचे ठोके, आणि या सगळ्यावर मोठ्या बाबांचा आवाज. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते शेजारच्या गल्लीत राहत, पण सकाळी आमच्या आधी दुकानाशी हजर असत. गादीवर ते बसत आणि बाबा उभे असत. बाबा त्या दुकानात बसलेले मला आठवतच नाहीत.

दोघा भावांनी वडिलांकडून दुकान घेतलं ते जसंच्या तसं. काटा जिथे टांगलेला होता तिथेच टांगलेला राहिला. आत उजेड नव्हता, दिवसा दिवा लावावा लागे, पण खिडकी पाडायची नाही, कारण आजोबांनी पाडली नव्हती. एकदा कोणी एक माणूस गोण्यांतलं तयार पशुखाद्य दुकानात ठेवा म्हणून सांगायला आला. मोठ्या बाबांनी त्याला चहा पाजला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या गिऱ्हाइकानं मांगतलं काय? नाई मांगतलं. मंग?" धंद्याविषयी त्यांचा सगळा विचार त्या 'मंग'मध्ये संपत असे. लोक त्यांना मानत. त्यांच्या ढेपेत भेसळ नव्हती आणि बोलण्यात फिरवाफिरवी नव्हती. ते खरंच आहे. माझं मन त्यांच्याविषयी कडू झालं म्हणून ते खोटं होत नाही.

त्या दुकानात 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही असा रिवाज होता. दुकानदाराच्या घरात जन्मलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जशी सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी मोठे बाबा तसबिरीपुढे उदबत्ती लावायचे, चपला घालायचे, पायरीवर उभं राहून रस्ता वर-खाली न्याहाळायचे आणि म्हणायचे, "वाढवा." की बाबा एकेक फळी खाचेत सरकवायला लागायचे. मी अगदी लहान असताना मला कोडं पडायचं, की रोज वाढवूनही हे दुकान एवढंच कसं राहतं.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीत एका नवउद्योजक मेळाव्याला गेले होते. मला तिथे कोणी बोलावलं ते पुढे सांगते. मंचावर एक टवटवीत तरुण, गालाशी माईक लावून, पडद्यावर चित्रं दाखवत समजावून देत होता की पारंपरिक दुकानदार आहे ते सांभाळतो आणि उद्योजक अजून नसलेलं बघतो. एक जोखीम टाळतो, दुसरा ती अंगावर घेतो. पोरं भराभर उतरवून घेत होती. सगळं बरोबर होतं. फक्त हे दोघं एकाच घरातले असतील, एकाच्या कमरेला किल्ल्या असतील आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पदर असेल, तर काय होतं याचं चित्र त्या पोराकडे नव्हतं.

आई अमरावतीची. पोस्टातल्या कारकुनाची मुलगी. तिच्या माहेरी कोणी कधी काही विकलेलं नव्हतं, आणि धंद्याची खुमखुमी निघाली ती नेमकी तिच्यात. दुकानदाराच्या घरात येऊन तिला दुकानात पाय ठेवायची सोय नव्हती. मोठे बाबा तिचे भासरे. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने यायचं नाही, यावंच लागलं तर पदर पुढे ओढायचा, आणि बोलायचं तर मुळीच नाही. काही विचारायचं असेल तर मध्ये मी. मोठे बाबा समोर उभे असायचे आणि आई भिंतीकडे बघून मला म्हणायची, "इचार वो तुया मोठ्या बाबाले, चहा घेता काय म्हणून." ते मला उत्तर द्यायचे, "सांग, अर्धा कप." दोघांनाही एकमेकांचं लख्ख ऐकू जायचं, तरी मी तो निरोप इकडून तिकडे पुन्हा बोलून दाखवायचे आणि मला त्याची मजा वाटायची.

आईच्या हातचे सरगुंडे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होते. आता आमच्या वऱ्हाडातही ते सांगावे लागतात. गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, त्याची दोऱ्यासारखी वळी करायची, ती बारीक काडीभोवती वेढे देत गुंडाळायची, अलगद ओढून काढायची आणि कडक उन्हात वाळवायची. खायच्या वेळी वाफवून आंब्याच्या रसासोबत. सोपं वाटतं, पण पीठ जरा सैल झालं तर ताटात लगदा येतो. चैत्र लागला की आमच्या गच्चीवर चटया पडायच्या. शेजारच्या एका शिक्षिकेने एकदा आईला म्हटलं की सासूबाईंना सरगुंडे हवेत, मला जमत नाहीत, तुम्ही करून द्या, फुकट नको. आईने करून दिले. मग बँकेतल्या बाईंनी मागितले. मग त्यांच्या बहिणीने. त्या उन्हाळ्यात बाबा आणि मोठे बाबा रोज अंगोछ्याने मान पुसत अकोल्याच्या उन्हाच्या नावाने बोटं मोडत होते. आई गच्चीवरून खाली आली, तोंड लालबुंद झालेलं, आणि बाबांना म्हणाली, "तुमी दोघं भाऊ उन्हाले शिव्या देता. मी त्याचा धंदा करून राहिली." बाबा हसले. बाबांना तिचं कौतुक होतं, हेही लिहून ठेवलं पाहिजे. त्या कौतुकाने त्यांचं तोंड मात्र कधी उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षी आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि तिला जे दिसलं ते त्या घरात कोणालाच दिसलं नव्हतं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. म्हणजे धोंड्याचा महिना ऐन आंब्यात येत होता. लग्नं नाहीत, मुंज नाही, नवीन काम नाही, म्हणून दुकानदारांच्या लेखी तो मेलेला महिना. आई म्हणाली, "लग्न नसतीन, पन घरोघरी जावई जेवाले येतीन की नाई? रस तं होईनच. मंग रसासंगं काय वाढतीन?" अमरावतीला माझा मामा होता. त्याने जेवणाची कामं घेणारा एक माणूस गाठला. लग्नं नाहीत म्हणून तो बिचारा महिनाभर हात चोळत बसणार होता. त्याला आईची कल्पना पटली. जावयाच्या जेवणाची ताटं घरपोच द्यायची, पुरणाचे धोंडे त्याचे, सरगुंडे आईचे. त्याने मामाजवळ निरोप दिला की महिनाभर पुरवाल असा शब्द द्या, मगच मी लोकांकडून ताटांची मागणी घेतो.

गच्ची एवढ्या मालाला पुरणार नव्हती. दुकानाला लागून रस्त्याच्या बाजूला रिकाम्या पोत्यांची एक खोली होती. आईने बाबांच्या मागे लागून ती मागितली. बाबा म्हणाले, "दादाले न इचारता कसं?" मग म्हणाले, "बरं, घे. पाहू." आई आणि गल्लीतल्या सुमनबाईंनी मिळून ती धुतली, चुना मारला, ढेपेचा वास जावा म्हणून आठवडाभर दारं उघडी ठेवून कडुनिंबाचा पाला जाळला. दारावर पाटी लागली, 'घरगुती सरगुंडे मिळतील'. पाटी मी रंगवली होती आणि 'गुं' वरचा अनुस्वार चांगला टिकलीएवढा मोठा काढला होता. आत चार बाया मांडी घालून काड्या फिरवत बसायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. त्या भिंतीपलीकडे मोठे बाबा गादीवर बसून ते हसणं ऐकत होते. असा आठवडा गेला.

मग एका संध्याकाळी, उदबत्ती लावून, चपला घालून, ते रस्त्याकडे न जाता या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. बायांच्या हातातल्या काड्या थांबल्या. आईने पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. मोठ्या बाबांनी चटईवरचा एक वाळलेला सरगुंडा उचलला, उजेडाकडे धरला, बोटांनी मोडला. कट्ट आवाज आला. "चांगले झाले," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "वाढवा आता." आणि गेले.

ते वळणापर्यंत पोचले असतील तोच सुमनबाईंनी टाळी वाजवली. "घ्या वहिनी. खुद्द मोठे मालक वाढवा म्हणून गेले." बाया हसल्या. आईने पदर मागे सारला. तिचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. शेजारी बाबा फळ्या लावायचं काम करत होते. त्यांच्या हातातली फळी तशीच राहिली होती. त्यांनी ऐकलं होतं. ते त्या दुकानात जन्मलेले, त्यांना तो शब्द, ती वेळ, तो सूर सगळं कळत होतं. आईने त्यांना विचारलं, "आयकलं ना तुमी?" ते म्हणाले, "आयकलं," आणि फळी खाचेत सरकवली. दुसऱ्या दिवशी आईने अमरावतीला निरोप धाडला की शब्द देते, महिनाभर पुरवते.

पुढचे दिवस मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणते. घरात गव्हाच्या ओल्या पिठाचा वास होता आणि ढेपेचा वास हरला होता. आई पहाटे उठून पीठ मळायची, दुपारी माझ्यासमोर ताट ठेवताना बोटं ताठलेली असायची. वांग्याची भाजी आणि भाकरी यापलीकडे स्वयंपाक व्हायचा नाही, आणि बाबा तक्रार न करता जेवायचे. आणखी दोन बाया आल्या. मोठे बाबा खोलीवरून जाताना मान वळवेनासे झाले, ते आमच्या लक्षात आलं, पण आम्ही ते त्यांच्या स्वभावावर घातलं.

धोंड्याचा महिना लागला त्या सकाळी अमरावतीचा टेम्पो दारात आला. माल अर्धा चढला नसेल तोच मोठे बाबा आले. हातात नवं कुलूप होतं. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरव." बायांना म्हणाले, "बाहेर या, बाई." आईने पदर घेतला, भिंतीकडे वळली आणि मला म्हणाली, "इचार त्याईले, काय झालं म्हणून. त्याईनंच तं सांगतलं वाढवा म्हणून."

मी विचारलं. मोठे बाबा मलाच म्हणाले, "सांग तुया आईले. मी वाढवा म्हणलो त्याले किती दिवस झाले. मी वाट पायली. म्हणलं, हातातलं उरकतीन अन् आवरतीन. धोंड्याच्या महिन्यात नवं काम कोनी सुरू करते काय? अन् घरचा धंदा पुरत नाई म्हणून सून रस्त्यावर बसून विकते, हे लोकाइनं म्हणावं काय?"

"सांग," आई भिंतीला म्हणाली, "मले वाटलं, मोठं करा म्हणून राहिले."

"दुकानदाराच्या घरात," मोठे बाबा सावकाश म्हणाले, "इतके वर्सं काढले. दुकानदाराच्या घरात बंद म्हणत नाईत, वाढवा म्हणतात, हे अजून समजलं नाई?" मग बाबांकडे वळले. "तू होता ना तेथी. काय म्हणलो होतो मी?"

सगळे बाबांकडे बघत होते. टेम्पोवाला, बाया, आई भिंतीकडून वळून, पदराच्या फटीतून. बाबांनी एवढंच म्हणायला हवं होतं की दादा, तिला दुसरं वाटलं, शब्द गेला आहे, एवढा महिना जाऊ द्या. बाबा म्हणाले, "दादा, तुमी वाढवा म्हणले." "म्हंजे काय?" मोठ्या बाबांनी विचारलं. बाबा खाली बघून म्हणाले, "म्हंजे तेच."

माझा राग मोठ्या बाबांवर फारसा राहिलेला नाही. ते जसे होते तसे वागले. बाबांवरचा राग मात्र ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कुलूप लागलं. टेम्पो रिकामा गेला. आईने सगळ्या बायांना हात जोडले, तेव्हा सुमनबाई दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "तुमी काऊन हात जोडता वहिनी? ज्याईनं जोडाले पायजे ते गादीवर बसून हायेत." दुपारच्या बसने आई मला घेऊन अमरावतीला गेली. मामा म्हणत होता, मी सांगतो, तू कशाला. ती स्वतः त्या माणसासमोर उभी राहिली. त्याने ताटांची मागणी घेऊन ठेवली होती, लोक त्याच्या उंबऱ्याशी येणार होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो थकल्यासारखा म्हणाला, "ताई, घरात इचारून तं यायचं होतं." परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत नखांतलं वाळकं पीठ खरवडत राहिली. मग म्हणाली, "त्याईले मले तोंडानं इचारता आलं असतं तं हे झालं नसतं." एवढंच.

महिना सरल्यावर मोठ्या बाबांनी किल्ली पाठवली. मधल्या काळात त्या खोलीत पुन्हा पोती रचली गेली होती आणि सरगुंड्यांना ढेपेचा वास लागला होता, वर किडे. शेवटी एका गवळ्याने ते म्हशींसाठी नेले.

त्या दिवसापासून आईने एक केलं. संध्याकाळी दिवेलागणीला, दुकानात गिऱ्हाईक असताना, ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि खणखणीत आवाजात बाबांना विचारायची, "बंद केलं काय दुकान?" पहिल्यांदा खालच्या गिऱ्हाइकांनी वर पाहिलं. मोठ्या बाबांनी मान वर केली, पण भावजयीशी बोलायचं नाही, हा नियम त्यांचाही होता. त्यांनी बाबांना सांगितलं, बाबांनी वर येऊन विनवण्या केल्या, मोठ्या बाबांची बायको, मोठी आई, समजावून गेली. रोज संध्याकाळी तोच प्रश्न. "बंद केलं काय?" माझं लग्न झालं, मी अमरावतीला शिक्षिका झाले, सुट्टीत माहेरी आले की तोच आवाज ऐकायचे आणि मला तिची भीती वाटायची.

एकदा मी तिला विचारलंच. "आई, तुले तेव्हा खरंच समजलं नव्हतं काय?" ती भाजी निवडत होती. "समजलं होतं," म्हणाली. "संध्याकाळची वेळ, चपला घातलेल्या. न समजाले काय झालं? पन त्याईनं शब्द तं वाढवा म्हणूनच काढला ना? मंग मी जो मले पायजे तो घेतला." मेळाव्यातला तो तरुण जोखीम जोखीम करत होता तेव्हा मला ही भाजी निवडणारी बाई आठवत होती.

त्या मेळाव्याचं निमंत्रण गजाननाचं होतं. गजानन मोठ्या बाबांचा मुलगा. यंत्रावर सरगुंडे करतो, चकचकीत पाकिटात घालतो, पुण्या-मुंबईला पाठवतो. त्या दिवशी त्याचा सत्कार होता. भाषणात म्हणाला, आमच्या घराण्याची ही परंपरा. पाकिटावर मोठ्या बाबांचा टोपीतला फोटो आहे. मला एक पाकीट भेट मिळालं. घरी येऊन वाफवले तर ताटात लगदा झाला. मी ते फेकून दिलं आणि मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

दुकान टिकलं नाही. गोण्यांतलं तयार खाद्य सगळीकडे मिळायला लागलं, जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली आणि त्यांच्या मुलांनी 'मंग' ऐकून घेतलं नाही. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम अकोल्याला गेले होते. काटा उतरवला तेव्हा भिंतीवर त्याच्यामागे पांढरा चट्टा निघाला. मोठे बाबा थकले होते, पायरीवर खुर्ची टाकून त्यांना बसवलं होतं. बाबांनी फळ्या लावल्या. शेवटची फळी फुगली होती, ती खाचेत जाईना, दोनदा ठोकावी लागली. सगळे वर बघत होते. आई रोजच्यासारखी आता ओरडेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. ती ओरडली नाही. जिना उतरून खाली आली.

मोठे बाबा त्या फळ्यांकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. कोणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "झालं बंद."

आईने डोक्यावरचा पदर मागे केला, त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मला मध्ये न घेता, त्यांच्याकडे सरळ बघून बोलली. "भाऊजी, दुकानदाराच्या घरात बंद म्हणत नाईत. वाढवलं म्हणा."